रंगाचं वजन डब्यात नसतं

कापडानं मढवलेल्या छोट्या विमानांचं जग आता आकसलं असलं तरी संपलेलं नाही. पायपर कंपनीनं अमेरिकेत १९३८ ते १९४७ या काळात सुमारे २० हजार जे-३ कब विमानं बांधली. त्यांतली बरीचशी आजही उडतात. अलास्कात नदीकाठच्या गोट्यांवर उतरणारी सुपर कब विमानं कापडाचीच. आणि घरच्या गॅरेजमध्ये स्वतः विमान बांधणारे हौशी लोक अजूनही पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर पॉलिएस्टरचं कापड चढवतात, इस्त्री फिरवून ते आवळून घेतात आणि मग एका प्रश्नापाशी येऊन अडतात: आता यावर रंग कोणता द्यायचा?

या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर तिथं तयार असतं. रंग विमानाला उचलत नाही, ओढत नाही, वळवत नाही. तो नुसता बसून असतो आणि त्याच्या बसण्याचं भाडं इंधनातून भरावं लागतं. तेव्हा मिळेल तो सर्वांत हलका रंग आणावा, हात कमीत कमी मारावेत, आणि जमलं तर मधला ॲल्युमिनियमचा चंदेरी थर गाळूनच टाकावा. नाहीतरी तो वरच्या रंगाखाली झाकला जातो, मग त्याचं ओझं कशाला? या पूर्वपक्षाला दाखलेही भक्कम मिळतात. राईट बंधूंच्या विमानाला रंगच नव्हता. अमेरिकेच्या स्पेस शटलची इंधनटाकी पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी होती. मग रंग बंद केला आणि सुमारे २७० किलो वाचले. अलास्कातल्या वाल्डेझला दर मे महिन्यात कमीत कमी अंतरात उतरण्या-उठण्याची चुरस लागते, तिथले वैमानिक आपल्या विमानातून काय काय काढून टाकतात ते पाहिलं की वजनाचा हा ध्यास अगदीच वेडा वाटत नाही.

वजनाचा ध्यास वेडा नाहीच. फक्त हे लोक ज्या जागी वजन शोधतात तिथं ते फारसं नाही, जिथं आहे तिकडे ते बघत नाहीत, आणि जो थर कापायला निघतात तोच नेमका कापू नये असा आहे.

आधी दाखले तपासू. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवर राईट बंधूंनी चार उड्डाणं केली. सर्वांत लांबलेलं ५९ सेकंदांचं. चारांची बेरीज दोन मिनिटं भरत नाही. पंखांवर बाजारातली साधी सुती मलमल होती, तिच्यावर कसलाही लेप नव्हता, हे खरं. पण त्याच दिवशी वाऱ्यानं ते विमान उलथवलं आणि ते पुन्हा कधी उडालं नाही. त्याचं कापड पुढं १९२७ साली आणि परत १९८५ साली नव्यानं चढवावं लागलं. दोन मिनिटांच्या आयुष्याला रंग लागत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

शटलच्या टाकीचा दाखला जास्त मजेदार आहे, कारण तो पूर्वपक्षाच्याच अंगावर उलटतो. १९८१ सालच्या दोन उड्डाणांत टाकीला पांढरा रंग दिला होता तो देखणेपणासाठी नव्हे. प्रक्षेपणतळावर उभ्या असलेल्या टाकीवरच्या फोमला उन्हातल्या अतिनील किरणांनी इजा होऊ नये म्हणून तो होता. मग अभियंत्यांना दिसून आलं की टाकी जितके दिवस उन्हात उभी असते तेवढ्यात फोमचं फारसं काही बिघडत नाही, आणि उड्डाणानंतर साडेआठ-नऊ मिनिटांत ती टाकून द्यायची असते. म्हणून १९८२ सालच्या तिसऱ्या उड्डाणापासून ती तांबूस नारिंगी, बिनरंगाची दिसू लागली. म्हणजे तिथं प्रश्न विचारला गेला तो 'ही वस्तू उन्हात किती काळ राहणार' हा. कब विमानाच्या पंखाला तोच प्रश्न विचारा. उत्तर महिन्यांत येत नाही, दहा-वीस वर्षांत येतं.

कापडी विमानाच्या रंगाचा जन्मही याच काळजीतून झालेला आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश विमानांचं लिनन नुसत्या बिनरंगी डोपचं असे, फिकट पिवळसर, उन्हात उभं राहिलं की आरपार उजेड दिसणारं. डोप म्हणजे सेल्युलोजपासून केलेलं पातळ लुकण. ते सुकताना कापड आवळतं आणि धाग्यांमधली भोकं बुजवतं. त्यानं कापड ढोलासारखं ताणलं जाई, पण ऊन मात्र खात राही. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीनं यावर जो लेप काढला तो पी.सी.१०: पिवळी माती आणि काजळी घातलेला, खाकी-तपकिरी. १९१६ पासून तो विमानांवर दिसू लागला. आज संग्रहालयात तो पाहणारा माणूस शत्रूपासून लपण्यासाठीचा रंग म्हणून पुढं जातो. लपायला तो उपयोगी पडलाच, पण त्याची पहिली नोकरी सूर्यापासून लिनन वाचवण्याची होती. उष्ण प्रदेशांसाठी तर त्याचा लालसर भाऊ पी.सी.१२ वेगळा काढावा लागला. पुढच्या दोन दशकांत ती नोकरी ॲल्युमिनियमच्या भुकटीकडे आली. दोन महायुद्धांमधली ब्रिटिश हवाई दलाची चंदेरी लढाऊ विमानं आठवा. चिन्हं सोडली तर त्यांच्या अंगावर दुसरा रंग नसे. ऊन अडवणारा थर हाच त्यांचा पोशाख.

हा चंदेरी थर काम कसं करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. ॲल्युमिनियमची भुकटी म्हणतो ती गोल दाण्यांची नसते. तिचे कण म्हणजे चपटे, अतिशय पातळ पापुद्रे. ओल्या लेपात ते आडवे होतात आणि मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर सरकून बसतात. कौलांतून जसं पाणी खाली उतरत नाही तसं या पापुद्र्यांतून ऊन उतरत नाही. म्हणूनच इतका पातळ थरही हे काम नेटानं करतो. जुने कारागीर याची परीक्षा एका साध्या बल्बनं घेतात. चंदेरी हात मारून झाले की पंखाच्या पोकळीत दिवा धरायचा, बाहेरून अंधार करायचा आणि कापडाकडे पाहायचं. फासळ्यांच्या मधल्या भागात कुठं उजेडाचा डाग दिसला तर तिथं अजून एक हात. डाग दिसला नाही तर थांबायचं. तिथून पुढं मारलेला प्रत्येक चंदेरी हात हे खरंच फुकटचं ओझं, आणि वजन कमी करू पाहणाऱ्यानं तिथं जरूर हात आखडावा.

पॉलिएस्टर आलं तेव्हा पुष्कळांना वाटलं, आता ही कटकट संपली. सुती कापड कुजायचं, त्याला बुरशी लागायची. पॉलिएस्टरला यातलं काही होत नाही. अमेरिकी नियमांत 'ग्रेड ए' सुती कापडाची एक इंच रुंद पट्टी नवी असताना ८० पौंड ताण सोसली पाहिजे आणि वापरात ती ५६ पौंडांच्या खाली गेली की कापड बदललंच पाहिजे, असा दंडक होता. त्यामुळे सुती कापडाचं विमान काही वर्षांनी उघडं पडायचंच. पॉलिएस्टर पंचवीस-तीस वर्षं टिकू शकतं. पण ते टिकतं लेपाखाली. उघड्या उन्हात अतिनील किरण त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत जातात, आणि बाहेरून ते तसंच घट्ट, ताणलेलं दिसत राहतं. सुती कापड निदान बोट दाबल्यावर आपली अवस्था सांगायचं. पॉलिएस्टरवर मात्र वरच्या रंगाला काही झालेलं नसताना आतल्या धाग्यात दम उरलेला नाही, असं होऊ शकतं.

ज्या रे स्टिट्सनं १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला पॉलिएस्टरवर व्हिनाइलचे लेप देण्याची पद्धत बसवली, तो वजनाबद्दल बेफिकीर माणूस नव्हता. १९५२ साली उडालेलं 'स्काय बेबी' त्यानंच बांधलं होतं. पंखांचा विस्तार सव्वादोन मीटरसुद्धा नाही असं ते दोन-पंखी विमान जगातलं सर्वांत लहान म्हणून गाजलं. अशा माणसाच्या पद्धतीत चंदेरी थर ऐच्छिक नाही. यावर आणखी काही बोलायची गरज आहे असं मला वाटत नाही.

पण पूर्वपक्षी म्हणेल, वजनाचं काय? तर हिशोब मांडू. जे-३ कबच्या पंखांचं क्षेत्रफळ साडेसोळा चौरस मीटरच्या आसपास. वरची-खालची बाजू धरली की तेहेतीस. शेपूट आणि धड मिळवून रंगवायचं एकूण कापड ढोबळमानानं ५० चौरस मीटर. सुकलेल्या रंगाचा २५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या चाळीसाव्या भागाएवढा थर घेतला आणि त्याची घनता पाण्याच्या १.३ पट धरली, तर चौरस मीटरला ३२ ग्रॅम पडतात. पूर्ण विमानावर १.६ किलो. चंदेरी हातांची सुकलेली जाडी साधारण एवढीच भरते. म्हणजे तो गाळून वाचणार दीड-पावणेदोन किलो, पेट्रोलच्या भाषेत सव्वादोन लिटर. कबचं इंजिन ताशी १५ ते १७ लिटर पितं. आठेक मिनिटांचं उड्डाण झालं. तेवढ्यासाठी शेकडो तासांच्या मेहनतीनं चढवलेलं कापड दहा वर्षं आधी फाडायची तयारी ठेवायची! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा व्यवहार.

मग वजन जातं कुठं? कारण ते जातं हे खरं आहे. रिकाम्या कबचं मूळ वजन ३४७ किलोच्या आसपास, परवानगी ५५३ किलोपर्यंत. मधल्या २०६ किलोंत भरल्या टाकीचे ३३ गेले की दोन माणसांना १७३ उरतात. दोघं जरा खात्यापित्या घरचे असले की संपलं. पुन्हापुन्हा दुरुस्त झालेली कब विमानं काट्यावर मूळ आकड्यापेक्षा बरीच जड भरतात. त्यात वायरी, रेडिओ, जाड गाद्या यांचा वाटा असतोच. पण रंगाचा जो वाटा असतो तो चंदेरी थराचा नसतो. तो असतो तकाकीचा.

कापडाला वीण असते. चांगल्या रंगवलेल्या कापडी पंखावर तिरप्या उजेडात ती दिसते, दिसायलाच हवी. परंतु मोटारीच्या पत्र्याची सवय झालेल्या डोळ्याला ती खपत नाही. मग सुतार लाकडावर लांबी भरतो तसे वीण बुजेपर्यंत लेपाचे हात मारायचे, पॉलिश पेपरनं घासायचे, परत मारायचे, परत घासायचे, आणि वर आरशासारखा चकचकीत रंग. १९३०च्या दशकात अमेरिकेतली श्रीमंती कॅबिन-विमानं वीस-वीस हातांच्या, हातानं घोटलेल्या पृष्ठभागाची मिरवत. तो थर सहज पाव मिलिमीटरवर जाऊ शकतो. वरचा हिशोब लावा: ५० चौरस मीटरवर पाव मिलिमीटर म्हणजे १६ किलो. तोच थर ७५ ते १०० मायक्रॉनवर आवरला, चंदेरी हात धरून, तर पाच ते साडेसहा किलो. फरक दहा किलोंचा, तोही वीण दिसू नये या हट्टापायी. ज्यानं चंदेरी थर गाळून दीड किलो वाचवले आणि नंतर तकाकीसाठी चार जादा हात मारले त्याच्या हिशोबाला काय म्हणावं?

आता 'हलका रंग' या कल्पनेकडे येऊ. दुकानातला डबा उचलून रंग हलका की जड हे ठरत नाही, कारण डब्यातला मोठा भाग कापडावर राहतच नाही. फवारण्याजोग्या पातळ केलेल्या डोपमधला बहुतांश द्राव हवेत उडून जातो. मागे राहतो तो थोडका ऐवज. पॉलियुरेथेनमध्ये मागे राहणारा भाग जास्त, म्हणून एका हाताला एक हात अशी तुलना केली की पॉलियुरेथेन जड ठरतं आणि त्याच्या नावानं खडे फोडले जातात. पण जे झाकायला डोपचे सहा हात लागतात ते पॉलियुरेथेनचे दोन हात झाकतात. तुलना करायची ती सुकल्यानंतर, चौरस मीटरला किती ग्रॅम बसले याची. पॉलियुरेथेनवर आक्षेप घ्यायचे तर दुसरे आहेत आणि ते रास्त आहेत. लवचिकपणा आणणारं द्रव्य न घालता वापरलं तर हलत्या कापडावर ते तडकतं. फाटल्या जागी ठिगळ लावायचं तर व्हिनाइलचा लेप विद्रावकानं मऊ करून उचलता येतो, पॉलियुरेथेन मात्र खरवडत बसावं लागतं. आणि त्यातल्या आयसोसायनेटची वाफ फुप्फुसाला इतकी वाईट की बाहेरची ताजी हवा पुरवणाऱ्या मुखवट्याशिवाय फवारणी करणं हा शुद्ध अविचार आहे. हे सगळं सोडून वजनावरून त्याला नाकारणं म्हणजे योग्य निकाल चुकीच्या कलमाखाली देणं.

घराच्या भिंतींना देतात तो पाण्यातला ॲक्रिलिक रंग विमानाला लावणारेही आहेत. प्रमाणपत्र लागत नाही अशा अतिहलक्या आणि घरी बांधलेल्या विमानांवर तो चालवून घेतला जातो. प्रमाणित विमानावर मात्र कापड, चिकटवणारं द्रव्य आणि लेप ही एकच मंजूर जोडणी असते, त्यातली एक वस्तू आपल्या मनानं बदलता येत नाही. या भिंतीच्या रंगाची ख्याती 'स्वस्त आणि हलका' अशी. स्वस्त, यात वाद नाही. पण भिंत झाकावी म्हणून त्यात टायटेनियम डायऑक्साइड असतं, ज्याची घनता पाण्याच्या चौपटीहून जास्त, आणि स्वस्तात भर पडावी म्हणून खडूची भुकटी असते, पावणेतीनपट. ज्या राळेत हे बांधलेलं असतं ती पाण्याहून थोडीशीच जड. म्हणजे भरताड जितकं जास्त तितका सुकलेला थर जड, आणि स्वस्त रंगात भरताडच जास्त. हात पातळ मारला तर तो रंग हलका, हे कबूल. पण मग श्रेय हाताचं, रंगाचं नाही.

हे पटत नसेल तर करून पाहण्याइतकं सोपं आहे. लाकडी चौकटीवर ३० सेंटिमीटरचा चौरस कापडाचा तुकडा ताणायचा, इस्त्री करायची आणि तोळा-मासा दाखवणाऱ्या काट्यावर वजन घ्यायचं. मग जे हात विमानावर मारणार तेच, तीच गन, तोच माणूस, या तुकड्यावर मारायचे आणि प्रत्येक हात सुकल्यावर पुन्हा काटा. २५ मायक्रॉनच्या थराला तुकडा तीनेक ग्रॅम जड होतो. सोनाराच्या काट्याला ते सहज कळतं. अशा दोन-चार चौकटी केल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. एकाच डब्यातून दोन माणसांनी मारलेल्या रंगाच्या वजनातला फरक दोन कंपन्यांच्या डब्यांतल्या फरकापेक्षा मोठा निघू शकतो. डब्यावरच्या जाहिरातीला हे सोयीचं नाही, म्हणून ते फारसं कोणी सांगत नाही.

रंगछटेचाही प्रश्न आहे, आणि तोही हलका-जड असाच सोडवायला हवा. कबचा प्रसिद्ध पिवळा रंग चंदेरीवर थेट मारला तर खालचं राखाडी वर येतं, पिवळं मळकट दिसतं. लालाचंही तेच. म्हणून आधी पांढऱ्याचे हात, मग पिवळ्याचे. म्हणजे एक पूर्ण थर केवळ खालचं झाकण्यासाठी. गडद निळा किंवा हिरवा कमी हातांत झाकतो, पण गडद रंग ऊन शोषतो आणि खाली लाकडी फासळ्या व गोंद असतील तर त्या तापणं बरं नाही. ज्याला खरोखर वजन वाचवायचं आहे त्यानं चंदेरी थर गाळण्याऐवजी उलट चालावं: चंदेरी ठेवावं आणि वरचा रंग गाळावा, किंवा पट्ट्यापुरता, नोंदणीच्या अक्षरांपुरता द्यावा. ऊन अडलं, वजन वाचलं, आणि विमान १९३०च्या दशकातल्यासारखं दिसलं तर कोणाचं बिघडलं?

जागेचा मुद्दा मात्र पूर्वपक्षाला सुचतच नाही, आणि माझ्या मते तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. सर्व रंग एकाच किमतीचा नसतो. पंखाच्या मधल्या भागावर बसलेला अर्धा किलो आणि सुकाणूच्या मागच्या कडेवर बसलेला अर्धा किलो यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेपूट विमानाच्या गुरुत्वमध्यापासून चार-साडेचार मीटर मागे असते. तिथला एक किलो तोलायला पुढं त्याच्या कितीतरी पट वजन लागतं. आधीच कब एकट्यानं उडवायची तर मागच्या सीटवर बसूनच, इतकं तिचं तोल-गणित नाजूक. वेगवान विमानात गोष्ट आणखी गंभीर होते. तिथं सुकाणू, एलेव्हेटर आणि पंखांच्या कडेची ऐलेरॉनं बिजागरीभोवती तोललेली असतात. बिजागरीच्या ४० सेंटिमीटर मागे १०० ग्रॅम रंग चढला आणि तोलाचं वजन बिजागरीपुढे १० सेंटिमीटरवर असेल, तर तिथं ४०० ग्रॅम शिसं वाढवावं लागतं. शंभराचे पाचशे झाले. आणि ते वाढवलं नाही, तर एका वेगाला तो भाग थरथरायला लागतो. अशी थरथर काही सेकंदांत भाग तोडून नेऊ शकते. म्हणून रंगकामानंतर हे भाग उतरवून तोल तपासायचा असतो. पण 'हलका रंग' लावल्याच्या समाधानात ही तपासणी राहून जाते, आणि जुन्या रंगावरच नवा रंग चढवलेला असला तर धोका दुप्पट. खरं तर जुन्याच्या उरावर नवा, ही सवयच वर्षानुवर्षं विमान जड करत नेते.

पूर्वपक्षाला त्याचं श्रेयही द्यायला हवं. रंग वेगळा न देता कापडातच घालणं ही कल्पना खरोखर वजन वाचवते आणि ती जुनी आहे. १९१७ पासून जर्मनांनी बहुकोनी ठिपक्यांची छपाई केलेलं कापड विमानांवर चढवलं, ते रंगाचं वजन आणि रंगाऱ्याचे तास दोन्ही वाचावेत म्हणून. आज जर्मनीतच बनणारं ओराटेक्स हे आधीच लेप दिलेलं कापड त्याच वाटेवरचं आहे: चढवा, आवळा, संपलं. फवारणीच नाही, म्हणून जाड-पातळ हाताचा प्रश्नही नाही. त्याची किंमत आणि कडा चिकटवण्यातली कसरत ज्याला झेपेल त्यानं ते अवश्य घ्यावं. पण नीट पाहिलं तर तिथंही ऊन अडवण्याचं काम कोणी सोडलेलं नाही. ते कारखान्यात करून दिलेलं आहे. आणि ज्यांचं विमान कायम छपराखाली असतं, ज्यांना चार-पाच हंगामांनी कापड बदलायचंच आहे, अशा स्पर्धेच्या वैमानिकांनी चंदेरी थर पातळ ठेवला तर मी भांडायला जाणार नाही. नियम त्यांच्यासाठी नाही, बाकीच्यांसाठी आहे.

आपल्याकडे हा विषय अगदीच परका नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ विमान कापडानं मढवलेलं होतं. बंगळुरूला बांधलेलं आणि १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं पुष्पक हेही कापडीच. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी जणांचा हात त्याच्यावर बसला. इथलं ऊन अलास्कातल्यापेक्षा किती कडक ते सांगायला नको, म्हणून तिथल्या स्पर्धकाचा सल्ला इथं आणणं तर आणखी चुकीचं. आणि इथं दमटपणाही आहे. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली जाई आणि टाटांच्या टपालसेवेला पुण्याला हलावं लागे, अशी ती हवा. दमट हवेत डोप फवारला की विद्रावक भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि थर पांढुरका, ठिसूळ होतो. रंगारी मग तो पांढुरकेपणा झाकायला वर आणखी हात मारतो. वजन पुन्हा वाढलं, थर कच्चाच राहिला, आणि दोष द्यायला रंगाची कंपनी आहेच. उपाय हळू उडणारं थिनर, किंवा कोरड्या दिवसाची वाट पाहणं.

कोणी असं विमान बांधायला किंवा विकत घ्यायला निघालं असेल तर त्यानं रंग कोणत्या कंपनीचा हे सर्वांत शेवटी विचारावं. आधी काट्यावरचा आकडा विचारावा, कापड चढवल्यानंतरचा, तारखेसह. मग जुना रंग पूर्ण उतरवला होता का, आणि रंगकामानंतर ऐलेरॉनांचा तोल तपासला होता का, हे विचारावं. शेवटी तपासणीची झडप उघडून आत बल्ब धरायला सांगावं. फासळ्यांच्या मधून उजेड दिसला, तर विकणारा त्या विमानाला कितीही हलकं म्हणो, ते घेऊ नये.